मोगाका मास्तरांची थोरली गाडी

नाकुरूच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या नेमुएल मोगाका मास्तरांनी मोठी मोटरसायकल बघायला सुरुवात केली ती एका बाईमुळे आणि तिच्या टर्कीमुळे.

झालं असं, की न्जोरोच्या फाट्यावर मास्तर आपली सव्वाशे सीसीची गाडी कडेला लावून हेल्मेटची काच पुसत उभे होते. अंगात कोट, गळ्यात टाय, पाठीला नकाशांची गुंडाळी. हा गृहस्थ शिक्षक आहे आणि शिक्षकांच्या सभेहून घरी चालला आहे, हे आंधळ्यालाही दिसावं असा एकूण थाट. पण आपल्याकडे सव्वाशे सीसीच्या गाडीजवळ जो कोणी उभा असेल तो बोडा-बोडावालाच, भाड्याने लोकांना इकडून तिकडे नेणारा, अशी सगळ्यांची खात्री असते. तेव्हा काखेत भलाथोरला टर्की पक्षी घेतलेली एक दणकट बाई आली, मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "मोलो. आणि जरा सावकाश ने, याला वेगाची सवय नाही."

मास्तर स्वभावाने अतिशय सभ्य. चर्चमध्ये गायकवृंद बसवतात, रस्त्यात शेळी आडवी आली तरी तिला आधी जाऊ देतात. 'बाई, आपला काहीतरी गैरसमज होतोय' हे वाक्य त्यांना सुचलं, पण ते नीट जुळवून ओठांवर येईपर्यंत मोलो आलं होतं. वास्तविक मास्तर चालले होते नाकुरूला, आणि मोलो बरोब्बर उलट्या दिशेला. बाईने उतरून त्यांच्या कोटाच्या खिशात नाणी कोंबली आणि "पुढच्या बुधवारी याच वेळेला ये," असं बजावून ती बाजारात दिसेनाशी झाली. टर्कीने जाताना मास्तरांकडे वळून पाहिलं. त्या पाहण्यात कीव होती, असं मास्तरांनी घरी आल्यावर बायकोला सांगितलं.

"टर्कीला काय कळतंय?" ड्रुसिला म्हणाली.

"त्याला सगळं कळलं होतं. न कळलेली एकटी ती बाईच."

आता एवढ्यावरून कोणी नवी गाडी घेत नाही. पण अपमान एकटा-दुकटा नव्हता. नैरोबीहून पश्चिमेला जाणारा मोठा रस्ता नाकुरू सोडलं की चढायला लागतो आणि थेट माउ समिटपर्यंत चढतच राहतो. त्या चढावर मास्तरांची गाडी अशी काही दमायची, की शेजारून कोबी भरलेले ट्रक जायचे आणि वर बसलेले हमाल मास्तरांशी निवांत गप्पा मारत मारत पुढे निघून जायचे. एकदा एकाने तर त्यांच्या मुलीचं शिक्षण, शाळेचा निकाल आणि बायकोची गुडघेदुखी असं सगळं विचारून घेतलं, आणि मग ट्रक पुढे गेला.

'मग मटाटूने जावं माणसाने, चौदा सीटांच्या गाड्या ढिगाने धावतात,' असं कोणीही म्हणेल. पण मास्तरांना बंद गाडी लागते. वळणाच्या रस्त्यावर तर पहिल्या दहा मिनिटांत ते पालेभाजीसारखे हिरवे होतात, आणि पुढचं काय होतं ते त्यांच्या शेजारी एकदा बसलेला मनुष्य आयुष्यभर विसरत नाही. नाकुरूच्या स्टँडवर तीन-चार कंडक्टर त्यांना ओळखतात आणि लांबून दिसले की दार लावून घेतात.

खरी गोम निराळीच होती. मास्तरांचा मधला भाऊ थॅडिअस, त्याच्या लग्नाची बोलणी, म्हणजे मुलीच्या घरी किती गाई द्यायच्या ते ठरवणं, झाली तेव्हा घरातर्फे बोलायचं काम मास्तरांकडे होतं. शिकलेला माणूस, शिवाय आवाज भरदार. ड्रुसिला मटाटूने पुढे गेली. मास्तर मागून गाडीवर निघाले ते केरिचोजवळच्या एका चढावर गाडी तापल्यामुळे एका चहाच्या मळ्यात गाडीला पंखा घालत बसले. ते पोचेपर्यंत ड्रुसिलाचं जेवण होऊन बशीत केळी सोलणं चाललं होतं, आणि मास्तरांच्या जागी ओंबाती काकांनी बोलणी उरकली होती. ओंबाती काका म्हणजे देवमाणूस, पण बोलणीत बसवायला अत्यंत धोकादायक. समोर कोणाच्या डोळ्यात पाणी दिसलं की ते एक गाय वाढवतात. त्या दिवशी मुलीच्या आईला सर्दी झाली होती. थॅडिअस अजून त्या गाई पोचवतो आहे.

आणि आता धाकट्या जारेडचं ठरत होतं. केरोकाजवळच्या एका घरची मुलगी, केरुबो नावाची. बोलणी पुढच्या रविवारी. जारेडने फोनवर एवढंच सांगितलं, "दादा, उशीर झाला तर काका बसतील. मी तुझ्या पाया पडतो."

त्या फोननंतर मास्तर मोठ्या गाडीचं खुलेपणाने बोलायला लागले, आणि मोठ्या गाडीचं खुलेपणाने बोलायचं म्हणजे गल्लीला निमंत्रणच.

सगळ्यात आधी आला गाथोगो. तो समोरच राहतो आणि शवपेट्या बनवतो. माणूस मनमिळाऊ, पण धंद्याची नजर काही केल्या जात नाही. कुंपणावर हात टेकून तो मास्तरांकडे वरून खाली, मग खालून वर पाहत राहिला.

"घ्या की मास्तर, जरूर घ्या," तो म्हणाला. "पाच फूट चार ना?"

"पाच-पाच," मास्तर जरा ताठ होत म्हणाले.

"बुटांसकट." गाथोगोने मनातल्या मनात काहीतरी टिपून ठेवलं. "खांद्यात मात्र रुंद आहात. काळजी करू नका. शेजारधर्म म्हणून मी महोगनीत करीन."

गाथोगो गेल्यावर किमुताई आजोबा आले. हे तरुणपणी लांब पल्ल्याच्या शर्यती धावायचे. सत्तरी उलटली तरी रोज पहाटे तळ्याला वळसा घालतात आणि इंजिन ही गोष्ट चारित्र्याला घातक आहे असं मानतात.

"केरोकापर्यंत किती, दोनशे किलोमीटर?" आजोबा म्हणाले. "शुक्रवारी निघा. जॉगिंग करत गेलात तरी रविवारी पोचाल."

"आजोबा, शनिवारी आमचा शब्बाथ असतो. प्रवास करत नाही आम्ही."

"मग गुरुवारी निघा," आजोबा म्हणाले. त्यांना यात काही अडचण दिसली नाही.

ड्रुसिलाने मात्र साफ नाही म्हटलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स. मोटरसायकलवरून पडलेली माणसं तिने एवढी पाहिली आहेत, की कुठल्याही दुचाकीकडे बघताना तिला ती आडवी पडलेलीच दिसते.

"बोसिबोरीचे बाबा, आहे ती गाडी हळू चालते ना? चालू दे. पडलात तर निदान हळू पडाल."

"हळू चालण्यातच धोका आहे, ड्रुसिला. मोठ्या रस्त्यावर जो सगळ्यांपेक्षा हळू जातो त्याला सगळे मागून येऊन ठोकतात. त्यामागे शास्त्र आहे."

"कुठलं शास्त्र? भूगोल?"

मास्तर नकाशे गुंडाळायला लागले. पण शनिवारी चर्चमधून परतताना त्यांनी मुद्दाम डॉक्टर ओलुओचांच्या घरावरून रस्ता काढला.

डॉक्टर ओलुओच जनावरांचे डॉक्टर. त्यांच्याकडे साडेसहाशे सीसीची एक लालभडक मोटरसायकल होती. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, पुढे उंच काच, आणि उंची एवढी की मास्तरांच्या कमरेला सीट लागत होती. डॉक्टरांना ती विकायची होती.

"ही फार गुणी आहे," डॉक्टर गाडीच्या टाकीवर थोपटत म्हणाले. "खाणं व्यवस्थित आहे. रस्त्यावर बुजत नाही. फक्त उभी असताना जरा हट्टी. थांबायच्या आधीच पाय कुठे टेकायचा ते ठरवा. एकदा थांबलात की ठरवायला वेळ देत नाही ती."

मास्तर बसून बघायला गेले. पहिल्यांदा पाय पलीकडे पोचला नाही. मग ते डॉक्टरांच्या ओट्यावर चढले आणि तिथून बसले. दोन्ही पाय खाली सोडले, तर बुटांची फक्त टोकं जमिनीला लागली. तरी त्या उंचीवरून त्यांना शेजारच्या चार घरांची मागची अंगणं दिसली आणि त्यांच्या मनात काहीतरी हललं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता ठरवू नका. पुढच्या रविवारी केरोकाला घेऊन जा, चालवून बघा आणि मग सांगा. माझी अट एकच. तुमच्या नावाने दोन दिवसांचा विमा काढा."

विमा कंपनीतल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, दोन दिवसांचा विमा निघतो, पण अर्जदार मोटरसायकलवर भाडं नेत नाही असं तुमच्या भागाच्या सरकारी चीफच्या ऑफिसातून लिहून आणा. मास्तरांनी हसून टायला हात लावला. "माझ्याकडे बघून कळत नाही का?" बाईंनी बघितलं. म्हणाल्या, "चिठ्ठी आणा."

चीफ एका मयतीला गेले होते. त्यांच्या जागी सहायक बसला होता, वेकेसा नावाचा एक काटेकोर तरुण. त्याने विचारलं, "मास्तर, तुम्ही कधीही, एकदाही, भाडं नेलेलं नाही. असं लिहू?"

"अर्थात."

"मग मागच्या बुधवारी माझ्या आत्याला टाय लावून मोलोला कोणी सोडलं?"

वेकेसाने आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली आणि ती दणकट बाई हातात चहाचा कप घेऊन बाहेर आली. टर्की नव्हता, एवढं एक नशीब.

"हाच तो," ती म्हणाली. "काय रे, या बुधवारी का नाही आलास? मी तासभर फाट्यावर उभी होते."

"बाई, माझं ऐकून घ्या. मी शिक्षक आहे. मी नाकुरूला चाललो होतो."

"मग मला मोलोला कशाला नेलंस?"

मास्तरांनी घाईघाईने खिसा उलटा केला. त्यांनी नाणी परत देऊ केली. आत्याने ती घेतली नाहीत, कारण काम झालं होतं आणि ती प्रामाणिक बाई होती. वेकेसाने पेन हनुवटीला लावून बराच विचार केला. "खोटं मी लिहिणार नाही," तो म्हणाला. "आत्या, यांची गाडी चालवण्याची पद्धत कशी आहे?"

"माणूस चांगला आहे. पण वळणावर घाबरतो. सबंध रस्ताभर कसलं तरी भजन म्हणत होता. टर्कीने अंडं घालायचं सोडलं."

"तो टर्की मादी होती?" मास्तरांनी विचारलं. एवढ्या अपमानातही त्यांची जिज्ञासा जागी होती.

शेवटी वेकेसाने जे लिहून शिक्का मारला ते असं: 'सदर इसम मोटरसायकलवरून प्रवासी वाहतूक करण्यास सर्वथा नालायक आहे.' मास्तर ती चिठ्ठी घेऊन विमा कंपनीत गेले. बाईंनी ती दोनदा वाचली, पहिल्यांदाच हसल्या आणि विमा दिला.

रविवारी उजाडता उजाडता लाल गाडी दारात उभी होती. गाथोगो आणि किमुताई आजोबा निरोप द्यायला आले होते. गाथोगोने मापाची टेप आणली होती, पण ती खिशातच ठेवली. ऐनवेळी ड्रुसिला हेल्मेट घालून बाहेर आली.

"तू मटाटूने जाणार होतीस ना?"

"नाही. तुम्ही पडणार असाल तर मी तिथे असलेली बरी. सामान घेतलंय." तिने बॅंडेजची पिशवी पत्र्याच्या पेटीत टाकली आणि मागच्या सीटवर बसली.

नाकुरू मागे पडलं. मास्तर ताठ बसून चालवत होते आणि ड्रुसिलाच्या मुठी त्यांच्या कोटात अशा रुतल्या होत्या, की कोट मागून आवळून त्यांना श्वास पुरत नव्हता. चढ लागला. गाडीला चढ लागल्याचं कळलंच नाही. समोर कोबीचा ट्रक आला. मास्तर सवयीप्रमाणे त्याच्या मागे लागले आणि तिथेच राहिले. एक किलोमीटर गेला, दोन गेले. मग त्यांच्या हेल्मेटवर टकटक झाली.

"काय कोबीचा वास घेताय का?" मागून आवाज आला. "जा की पुढे."

मास्तरांनी मूठ पिळली. काय झालं ते त्यांना नीट कळलं नाही, पण ट्रक आरशात गेला आणि लहान लहान होत दिसेनासा झाला. मास्तरांना वाटलं, आता ही रडणार. मग पुन्हा टकटक झाली.

"तो निळा टँकर," ड्रुसिला म्हणाली.

तिथून पुढे ड्रुसिला एकेक गाडी दाखवत गेली आणि मास्तर त्या मागे टाकत गेले. माउ समिटच्या अलीकडे तिने कोटावरची पकड सोडून हात मांडीवर ठेवले. माउ समिटच्या पलीकडे ती गाणं म्हणायला लागली. मास्तरांच्या मात्र बोटांना मुंग्या आल्या होत्या. आपल्याला वेग हवा होता की नुसता आदर, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदा केरिचोच्या उतारावर आला. तो नीट तपासून बघायला त्यांनी गाडी थांबवली असती, पण थांबलं की पाय टेकायचा प्रश्न यायचा.

थांबावं लागलंच. सोतिकच्या अलीकडे एका पोलिसाने हात केला. मास्तरांनी नशिबाने रस्त्याकडेचा उंचवटा हेरून त्यावर पाय टेकला आणि खिशातून सगळी कागदपत्रं काढली. चिठ्ठीसुद्धा. पोलिसाने कागदांकडे बघितलंही नाही. त्याने गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली.

"सर, उतरता का जरा?" तो आदबीने म्हणाला. "माझी सासू मला काहीच समजत नाही. एक फोटो काढू द्या."

फोटो एकावर भागेना. एक टोपीसह झाला, एक टोपीशिवाय. मग काळा चष्मा मास्तरांकडून उसना घेऊन आणखी एक. तोवर मागे गाड्यांची रांग लागली होती. पोलिसाने जाताना मास्तरांना खाडकन सलाम ठोकला. आयुष्यात त्यांना मिळालेला हा पहिला सलाम. मघाचा विचार मास्तरांनी मुकाट्याने बाजूला सारला.

केरोकाजवळच्या त्या घरी ते वेळेआधी पोचले. अंगणात गाडी शिरली तेव्हा घरातली, शेजारपाजारची, झाडून सगळी माणसं बाहेर आली. जारेडच्या चेहऱ्यावर जीव भांड्यात पडल्याचा आनंद होता. ओंबाती काका आधीच आतल्या खुर्चीत बसले होते आणि हातात रुमाल घेऊन तयार होते. त्यांना मास्तरांनी गोड बोलून कोपऱ्यातल्या स्टुलावर हलवलं.

मुलीचे आजोबा, न्यामवेया नाव, काठी टेकत गाडीपाशी आले. "तुमची?" त्यांनी विचारलं.

इथे मास्तरांनी खरं सांगायला हवं होतं. पण चाळीस माणसं बघत होती, सलामाची ऊब अजून अंगात होती. मास्तर नुसतं "हं" म्हणाले. खोटं बोलले असं कोणी म्हणू शकत नाही. 'हं' म्हणजे काहीही.

बोलणी सुरू झाली. मास्तरांचा आवाज खणखणीत लागला. त्यांनी मुलीचं कौतुक केलं, आपल्या घराची परिस्थिती बेताची कशी आहे ते नम्रपणे मांडलं, आणि जारेडच्या पगाराबद्दल असं काही बोलले की ऐकणाऱ्याला त्याच्यासाठी वर्गणी काढावीशी वाटावी. न्यामवेया आजोबांनी सगळं डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून खिडकीतून अंगणात बघितलं.

"मोगाका," ते म्हणाले, "तुमची परिस्थिती बेताची. तुमचं शेत लहान. भावाचा पगार तुटपुंजा. आणि अंगणात ही लाल गाडी. ही गाडी काय शेणावर चालते?"

अंगणात हशा पिकला. आजोबांनी गाईंचा आकडा सांगितला. तो ऐकून जारेड भिंतीला टेकला. मधल्या भावाला पडल्या होत्या त्याच्या जवळजवळ दुप्पट.

"आजोबा, गाडी माझी नाही," मास्तर घाईघाईने म्हणाले.

"मघाशी तुमची होती."

"मी 'हं' म्हणालो."

"मी लग्नात 'हं' म्हणालो होतो," आजोबा म्हणाले. "बावन्न वर्षं निभावतोय."

मास्तरांनी सांगितलं, गाडी जनावरांच्या डॉक्टरांची आहे. कोणाचा विश्वास बसेना. जनावरांचा डॉक्टर आपली गाडी भूगोलाच्या मास्तरला कशाला देईल? त्यांनी विम्याचा कागद दाखवला, तर त्यावर नाव मास्तरांचंच. घाबरून त्यांनी चीफची चिठ्ठी पुढे केली. एका भाच्याने ती मोठ्याने वाचली. 'सर्वथा नालायक' इथे पुन्हा हशा पिकला, पण आजोबा म्हणाले, श्रीमंत माणसं असले कागद करून घेतातच. कोपऱ्यातून ओंबाती काकांचं हुंदका दिल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि जारेडने धावत जाऊन त्यांच्या तोंडात केळं दिलं.

तेवढ्यात आजीचा बाहेरून आवाज आला. "ते धूड माझ्या भाजीच्या वाफ्यावर सावली धरून उभं आहे. कोणाचं का असेना, तिकडे झाडाखाली लावा."

मास्तर उठले. चाळीस माणसं मागोमाग. अंगण उताराचं होतं आणि आसपास ओटा नव्हता, उंचवटा नव्हता. मास्तरांनी गाडीला हात लावला, पाय वर फेकला, तो सीटवर अडकला. एका पायावर उड्या मारत त्यांनी तो पलीकडे नेला. स्टँड काढला. गाडी जरा हलली. मास्तरांनी डावा बूट टेकायला जमीन शोधली आणि ती होती त्यापेक्षा चार बोटं खाली निघाली.

गाडी पडली असं म्हणणं बरोबर नाही. ती कलली. मास्तर तिच्याशी झटत राहिले, दात-ओठ खात, टाय मानेवर फिरत, आणि ती म्हशीने पाण्यात बसावं तशी ऐसपैस, काहीही घाई न करता, आजीच्या भाजीच्या वाफ्यात जाऊन निजली. मास्तर शेवटच्या क्षणी बाजूला उडी मारून निसटले. एक आरसा तुटला. बाकी भाजी मऊ होती.

मास्तर वाकले आणि दोन्ही हातांनी ओढायला लागले. गाडी ढिम्म हलली नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूने जाऊन ढकलली. मग पुन्हा पहिल्या बाजूने. शेवटी मुलीच्या तिघा भावांनी येऊन ती उचलून झाडाला टेकवली.

न्यामवेया आजोबांनी काठी वर केली.

"गाडी याची नाही," त्यांनी निकाल दिला. "आपल्या बैलाला कोणी असं धरत नाही."

मग जे हसू सुटलं ते काही थांबेना. आजी खुर्चीत बसून डोळे पुसत होती. मास्तर चिखलाच्या कोटात उभे होते आणि ड्रुसिला बॅंडेजची पिशवी घेऊन कुठे लागलंय का बघत होती. मास्तरांना लागलं होतं, पण ते बॅंडेजच्या आवाक्यातलं नव्हतं. बोलणी पुन्हा सुरू झाली आणि थोड्याच वेळात असा आकडा ठरला, की जारेडने मास्तरांचे चिखलाचे हात आपल्या डोळ्यांना लावले. सगळ्यांना हसता हसता रडताना पाहून ओंबाती काकांना राहवलं नाही, त्यांनी मध्येच उठून एक शेळी वाढवून टाकली. तेवढी सगळ्यांनी त्यांना माफ केली.

सोमवारी मास्तर गाडी परत द्यायला गेले तेव्हा त्यांचं मन ठाम होतं. रस्ताभर त्यांनी डॉक्टरांना सांगायची वाक्यं पाठ केली होती. आपली सव्वाशेची गाडी बरी, अपमान तर अपमान, सवयीचा तरी आहे. ड्रुसिलाही बरोबर आली होती, आरसा भरून देतोय की नाही ते बघायला, असं ती म्हणाली.

"डॉक्टर, मी विचार केला," मास्तर म्हणाले. "ही गाडी मला मोठी होते."

"तुम्हाला होते," ड्रुसिला म्हणाली.

ती गाडीपाशी गेली, सहज पाय टाकून बसली आणि दोन्ही टाचा जमिनीवर टेकल्या. ड्रुसिला मास्तरांपेक्षा चांगली वीतभर उंच. लग्नाच्या फोटोत ती खुर्चीत बसली आहे आणि मास्तर उभे आहेत, ते फोटोवाल्याच्या सल्ल्याने.

डॉक्टर ओलुओच जवळ येऊन तिच्या बसण्याकडे पारखून बघत राहिले. "हिला माणूस कळतो," ते म्हणाले. ते गाडीबद्दल बोलत होते.

"तू तर म्हणायचीस की दवाखान्यात रोज पडलेली माणसं बघते," मास्तर म्हणाले.

"बघते. सगळे पुरुष असतात," ड्रुसिला म्हणाली. "शिकवाल का, डॉक्टर?"

ड्रुसिलाने गाडी घेतली आणि डॉक्टरांनी शिकवलं. शाळेच्या मैदानावर महिनाभर संध्याकाळी ड्रुसिला खुंट्यांमधून गाडी वळवायची, मास्तर कडेला बॅंडेजची पिशवी घेऊन उभे असायचे, आणि किमुताई आजोबा गाडीच्या बरोबरीने धावून तिला वेग सांगायचे. गाथोगो एकदाच आला, तिला वळताना पाहिलं, आणि निराश होऊन परत गेला.

जारेडच्या लग्नाला दोघं लाल गाडीवर गेली. ड्रुसिला पुढे, मास्तर मागे. पहिल्या काही वळणांवर त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले, तर दोन्ही हात मोकळे होते आणि रस्त्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी होती. इतक्या वर्षांत या रस्त्यावर त्यांनी समोरच्या ट्रकच्या चाकांशिवाय काही पाहिलंच नव्हतं. आता उजवीकडे खचदरी पसरलेली होती, कडे एकावर एक उतरत गेलेले, तळाशी धुरकट सपाट जमीन. मास्तरांच्या अंगात भूगोलाचा तास संचारला. हात करून करून, घसा ताणून, ते वाऱ्यात शिकवायला लागले.

केरिचोला चहासाठी थांबल्यावर ड्रुसिलाने हेल्मेट काढलं. "मागे सारखं काय बडबडत होता? मला वाटलं पोटात ढवळतंय."

"पोट उत्तम आहे. दरी कशी झाली ते सांगत होतो."

"कशी झाली?"

"जमीन दोन्ही बाजूंनी ओढली गेली. वर्षानुवर्षं. मग मधला भाग खाली बसला."

ड्रुसिलाने चहा फुंकून प्यायला. "मग?"

"मग काही नाही," मास्तर म्हणाले. "तिथे माती चांगली असते. लोक राहतात."

ड्रुसिला हसली, कप खाली ठेवला, आणि मास्तरांना मागे चढायला सोपं जावं म्हणून गाडी ओट्याला लावून धरली.